शुद्ध पाण्याने जेरीस आलेली काचपेटी

मी एक जुनी काचपेटी आहे, आणि मित्रांनो, खरं सांगायचं तर मी वैतागलेली काचपेटी आहे. दोन फूट लांबी, सव्वा फूट उंची, पाच काचा आणि त्यांना जोडणारं सिलिकॉन, एवढाच माझा देह. लोक मला फिश टँक म्हणतात. म्हणायला काय जातंय त्यांचं! पाणी भरलं, मासा सोडला, फोटो काढला की यांचं काम संपलं. पुढे जे घडतं ते माझ्या पोटात घडतं, आणि नाव खराब होतं तेही माझंच.

माझा जन्म बारामतीत, भिगवण रस्त्यावरच्या एका काचवाल्याकडे झाला. मोठा शांत माणूस होता तो. लहान पोरांची बोटं कापू नयेत म्हणून त्याने माझी एकेक कड दगडावर घासली. सांधे भरून झाल्यावर मला आठवडाभर वाळू दिलं, मग खाली वर्तमानपत्र अंथरून तीन दिवस पाण्याने भरून ठेवलं. कागद कोरडा राहिला, तेव्हाच त्याने मला दुकानाच्या दारात मांडलं. थांबता येणारा असा माणूस मला पुन्हा भेटायला सहा वर्षं लागली, यावरून काय ते समजा.

मला विकत घेतलं सरोजिनीबाईंनी. त्या बारामतीतल्या एका शाळेत शिक्षिका. मुलगी इरा हिचा वाढदिवस होता म्हणून घाई! अकराला मी घरात आले, बाईंनी मला भांड्यांच्या साबणाने चकचकीत घासलं, बाराला नळाचं पाणी भरलं आणि एकला मासे सोडले. पाहुण्यांनी माझं केवढं कौतुक केलं! चौथ्या दिवशी मासे गेले, इरा रडली, आणि बाई म्हणाल्या, "ही पेटीच लाभत नाही." म्हणजे साबण यांचा, घाई यांची आणि न लाभणारी मी. त्यानंतर सहा वर्षं मी त्यांच्या माळ्यावर जुन्या उत्तरपत्रिका सांभाळत बसले. त्यातल्या निम्म्या नापासांच्या होत्या, त्यामुळे सोबत तरी बरी मिळाली.

मग एक दिवस सरोजिनीबाईंच्याच शाळेत शिकवणाऱ्या माधवीने मला मागून घेतलं. कन्हेरीच्या अलीकडे एक वाडी आहे, तिथे तिचं घर. तिची नऊ वर्षांची मुलगी उत्कर्षा स्कूटरवर मागे बसून मला चादरीत गुंडाळून मांडीवर धरून आली. खड्डा आला की ती मला पोटाशी घट्ट आवळायची. मला वाटलं, चला, आता तरी दिवस पालटतील. कपाळ माझं! त्या घरात भीमाआबा राहतात हे मला कुठे ठाऊक होतं!

भीमाआबा म्हणजे माधवीचे सासरे, उत्कर्षाचे आजोबा. माणूस सोन्यासारखा, त्यात वाद नाही. तीस वर्षं वाडीचं पाणी त्यांच्याकडे आहे. पहाटे उठायचं, मोटर चालू करायची, उंचावरची टाकी भरायची, पाण्यातले जंतू मरावेत म्हणून तिच्यात पांढरी पावडर कालवून सोडायची, मग व्हॉल्व्ह फिरवून नळ सोडायचे. शेवटी घरच्या नळाचं थोडं पाणी एका बारीक काचेच्या नळीत घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं म्हणजे पावडर शेवटच्या नळापर्यंत पोचली. मग आबा ओट्यावरून आरोळी ठोकायचे, "पिवळं हाय गंऽऽ! भरा पाणी!" आणि बायका हंडे लावायच्या. "माझ्या पाण्यानं आजवर एक माणूस दवाखान्यात गेला न्हाय," हे वाक्य आबा दिवसातून एकदा तरी बोलायचेच. ते खरंही होतं.

आता असा माणूस नातीच्या माशांना कसलं पाणी देणार? पहिल्याच सकाळी आबा माझ्यापुढे उभे राहिले, डब्यातली पावडर चिमटीत घेतली आणि म्हणाले, "घरच्या पोरीचं मासं हायती. ह्येंना डब्बल शुद्ध पानी देतो." आणि टाकली की माझ्यात! मला तोंड असतं तर मी वाडी डोक्यावर घेतली असती. माधवीने बारामतीहून तीन गोल्डफिश आणले होते. ते वर येऊन येऊन तोंड उघडत होते, कल्ले लालभडक झाले होते, आणि उत्कर्षा टाळ्या पिटत होती, "आबा, बघा, ते माझ्याशी बोलत्यात!" दुपारपर्यंत तिघेही आडवे झाले.

"मालच खराब दिला दुकानदारानं," आबा म्हणाले.

मग त्यांनी आरोग्य उपकेंद्राच्या हौदातून बारा गप्पी मासे आणले. डास होऊ नयेत म्हणून आबा स्वतःच हे मासे वर्षानुवर्षं वाडीच्या डबक्यांत सोडत आलेले. "ह्ये कशानं मरत न्हाईत," असं म्हणत त्यांनी मला धुतलं, नवं पाणी भरलं आणि पुन्हा ती चिमूट! मित्रांनो, दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यात बारा मासे तरंगत होते. काच पारदर्शक असते ना, त्यामुळे तोंड फिरवायचीसुद्धा सोय नाही.

उत्कर्षा त्या दिवशी रडली नाही. ती आबांकडे बघत राहिली आणि तिने विचारलं, "आबा, डबक्यातलं जगत्यात, आपलंच का मेलं?"

आबा मेलेले मासे चाळणीत गोळा करायला लागले. आणि वाईट म्हणजे हा प्रश्न तिने शाळेतही विचारला. शाळेतून तो घरोघरी गेला. संध्याकाळी युवराज आला. हा ग्रामपंचायतीचा सदस्य, दूध घालून येताना बातम्या घेऊन येणारा. माझ्या रिकाम्या पोटात डोकावून तो म्हणाला, "आबा, राग धरू नका. पन तुमच्या पान्यात मासं जगंना, मग आमच्या लेकरांचं काय वो?"

"आरं, तीस वरसं पाजतोय तुला! तू काय मेलास का?"

"न्हाय. पन मासं मेलं न्हवं?"

चार दिवसांत निम्मी वाडी नळाचं पाणी सोडून गोठ्यामागच्या हापशावर जायला लागली. त्या हापशाच्या बुडाशी म्हशींचं मूत साचतं, हे आबा घसा फोडून सांगत होते. पाण्याचा नमुना तपासायला गेला, 'पिण्यास योग्य' असा कागदही आला. पण कागद कोण वाचतो? मेलेले मासे सगळ्यांनी पाहिले होते. आबांची झोप उडाली. त्या हापशाच्या पाण्याने एखाद्या पोराला कावीळ झाली तर, याच धास्तीने ते अंगणात फेऱ्या मारायचे.

आणि मग जे झालं ते मी माझ्या पाचही काचांनी पाहिलं. उत्कर्षा शाळेतून आली, आबांनी नेहमीसारखा पाण्याचा तांब्या तिच्यापुढे धरला. तिने तो हळूच बाजूला सरकवला. "मी हापशावरनं पिऊन आले," म्हणाली. आबा तांब्या हातात घेऊन तसेच उभे राहिले. मला त्यांचा इतका राग आला होता, तरी त्या क्षणी फार वाईट वाटलं.

तर आबांनी काय करावं? दोष कुणाचा ठरवावा? माझा! "ही पेटीच इखारी हाय," म्हणत त्यांनी मला पोत्यात गुंडाळलं, उत्कर्षाला बरोबर घेतलं आणि रिक्षाने थेट बारामतीतलं निकिताचं दुकान गाठलं. निकिता मासे विकते. बावीस-तेवीस वर्षांची असेल, पण दुकानात तिचाच शब्द चालतो.

"ही पेटी तपास," आबा म्हणाले. "हिच्यात कायतरी दोष हाय."

निकिताने माझ्या कडा बोटाने चाचपल्या, आत नाक घालून वास घेतला. "पेटी एक नंबर आहे आबा. पाणी कुठलं भरता?"

"आमच्या नळाचं. लई शुद्ध. पावडर मारल्यालं. नमुना पास हाय, रोज नळीत थेंब टाकून पिवळं करून बघतो."

"आणि तेच थेट माशांना?"

"थेट कसं? वर आनिक एक चिमूट टाकतो की पेटीत!"

निकिताने कपाळावर हात मारून घेतला. मला तर तिला मिठीच मारावीशी वाटली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या बाजूने कपाळ बडवलं होतं!

"आबा, पावडर कशाला असती? जंतू मारायला ना? मासा त्या पाण्यातनंच श्वास घेतो. त्याचे कल्ले भाजून निघतात त्या पावडरीनं."

"मग डबक्यातलं कसं काय जगत्यात?"

"डबक्यात पावडर कुठं हाय, आबा!" उत्कर्षा एकदम ओरडली.

आबा स्टुलावर बसले. "म्हंजी म्याच मारलं," ते म्हणाले.

"तुमचं पाणी माणसांना चांगलंच आहे, आबा. नमुना पास झालाय ना? तेच पाणी माशांनाही चालंल, फक्त दम धरायचा. पाणी उघड्यावर ठेवा, त्यात हवेचा पंप सोडा, पावडर उडून जाती. रोज तुमच्या त्या नळीत बघा. जोवर पिवळं होतंय, तोवर मासा नाही."

"पिवळं न्हाय झालं पायजे?" आबांनी असं विचारलं, जणू कुणी सूर्याला पश्चिमेला उगवायला सांगितलंय. तीस वर्षं पिवळ्या रंगासाठी धडपडलेला माणूस तो.

"नाही झालं पाहिजे. आणि तेवढ्यानं भागत नाही. मासा घाण करणार, ती घाण त्यालाच विष होती. ती खाणारे चांगले जंतू आधी पेटीत वाढवावे लागतात. त्याला तीन-चार आठवडे लागतात."

"जंतू वाढवायचं? म्या?" आबा उठूनच उभे राहिले. "पोरी, तीस वरसं मारत आलोय त्येंना!"

"मग आता थोडे पाळा," निकिता म्हणाली. तिने एक छोटा हवेचा पंप दिला, आणि आपल्या जुन्या टँकमधला एक काळपट, बुळबुळीत स्पंज काढून पाण्याच्या पिशवीत घालून दिला. "पाणी पिवळं व्हायचं थांबलं की हा पेटीतल्या पंपाला लावा, तोवर ह्याच पिशवीत ठेवा. हा धुवायचा नाही. मग पाण्यात रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाका, ते कुजलं की जंतूंना खुराक. आठवड्याला बाटलीत पाणी घेऊन या, मी तपासते. आज मासे मिळणार नाहीत."

"दारात आल्यालं गिऱ्हाईक परत लावतीस?"

"मेलेले मासे विकायचा माझा धंदा नाही, आबा."

घरी आलो आणि माझ्या नशिबाचे नवे फेरे सुरू झाले. माधवी स्वच्छतेची भोक्ती. तिने तो स्पंज पाहिला, "शी, हे काय!" म्हणत साबण घेऊन मोरीकडे निघाली. उत्कर्षा धावली नसती तर सगळं मुसळ केरात गेलं असतं. "आई, त्यात जंतू हायेत! चांगले!" माधवीने सासऱ्यांकडे पाहिलं. "मामा, हे खरं का?" आबांनी मान खाली घालून होकार दिला. त्यांना जंतूंची बाजू घ्यावी लागत होती, याहून मोठी शिक्षा ती काय असणार.

नदीची जाड वाळू दहा पाण्यांनी धुऊन माझ्या तळाशी पसरली. पाणी भरलं, पंप सुरू झाला. पहिल्या दिवशी नळीतलं पाणी पिवळंधमक. दुसऱ्या दिवशी फिकट. तिसऱ्या दिवशी थेंब टाकले तरी पाणी पाण्यासारखंच राहिलं. आबा नळी उन्हात धरून कितीतरी वेळ बघत होते. सवयीने आरोळी ठोकायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

त्याच दिवशी स्पंज पंपाला लागला, आणि सुरू झालं ते रिकाम्या पाण्याला जेवू घालणं. रोज सकाळी आबा चिमूटभर खाद्य माझ्यात टाकायचे. आत मासा एक नाही! युवराजला तर आयतं खाद्य मिळालं. "आबा आता पान्याला चारा घालाय लागल्यात," तो अख्ख्या वाडीला सांगत सुटला. पाचव्या दिवशी मी ताकासारखी गढूळ झाले. लोक मुद्दाम बघायला आले. "शुद्ध पानीवाल्याच्या घरात गटार," असं एकीने माझ्या तोंडावर म्हटलं. अहो, तो गढूळपणा यायचाच असतो! पण सांगणार कुणाला?

दहाव्या दिवशीचं तर आठवलं तरी माझे सांधे सैल होतात. आबा टाकीवरून परत आले, हातात पावडरीचा डबा. माझ्यापाशी थांबले. गढूळ पाणी बघून त्यांचा चेहरा कसानुसा झाला. आणि हात, मित्रांनो, तो तीस वर्षांच्या सवयीचा हात, आपोआप डब्यात गेला आणि चिमूट घेऊन माझ्यावर आला.

"आबाऽऽ!"

उत्कर्षा दप्तर टाकून धावली होती. आबा दचकले. चिमूट तशीच धरून त्यांनी अंगणात जाऊन ती झटकली, हात दोनदा धुतला आणि पायरीवर बसून राहिले. "पोरी, माझा हातच आयकत न्हाय गं," ते म्हणाले. उत्कर्षा त्यांच्याशेजारी जाऊन बसली. पाणी मात्र ती अजून हापशाचंच पीत होती.

आठवडा संपला की आबा बाटली घेऊन निकिताकडे. पहिल्या वेळी "अजून नाही." दुसऱ्या वेळी "अजून नाही." आबा रिक्षातून उतरून घरात यायचे तेव्हा मला त्यांच्या चालीवरूनच कळायचं. त्यात युवराज रोज दारावरून विचारणार, "काय आबा, आलं का पावनं?" मी निवळायला लागले होते, काचेवर हिरवट बारीक थर धरत होता, माझ्या पोटात काहीतरी स्थिरावत होतं. ते मलाच कळत होतं. चौथ्या आठवड्याला आबा परतले ते पिशवीत सहा गप्पी घेऊन.

या खेपेला आबांनी एक गोष्ट फार शहाणपणाची केली. युवराजला आणि आळीतल्या चार बायकांना बोलावून आणलं. सगळ्यांसमोर दोन नळ्या मांडल्या. एकीत नळाचं ताजं पाणी, दुसरीत माझ्यातलं. दोन्हींत औषधाचे थेंब टाकले. पहिली पिवळी झाली, दुसरी झाली नाही.

"ह्ये तुमचं," आबा पहिली नळी दाखवून म्हणाले. "ह्यात पावडर हाय, म्हनून तुमी दवाखान्यात जात न्हाई. आन् ह्ये माशाचं. ह्यातली पावडर उडून गेलीया, म्हनून मासं जगत्याल. पानी येकच हाय. आपल्या नळाचंच."

"मग आधीचं का मेलं?" युवराजने विचारलं.

"म्या मारलं." आबांनी हे सगळ्यांच्या तोंडावर सांगितलं. "दम धरला न्हाय. वर आनिक पावडर टाकली. पान्याची चूक न्हवती, माझी व्हती."

माशांची पिशवी माझ्या पाण्यावर तरंगत ठेवली. युवराजला पाच मिनिटं दम निघेना. "सोडा की आता! काय मुहूर्त बघताय?"

"गप उभा ऱ्हा," आबा म्हणाले. "पान्याची सवय होऊ दे त्येंना." अर्धा तास त्यांनी कुणालाही पिशवीला हात लावू दिला नाही. तो काचवाला आठवला मला. मग पिशवीत थोडं थोडं माझं पाणी घालत, अगदी हळू, त्यांनी एकेक मासा सोडला. सहाही सरळ तळाशी गेले, वाळू हुंगली आणि कल्ले हलवत फिरायला लागले.

दुसऱ्या दिवशी सहा. पाचव्या दिवशी सहा. उत्कर्षा रोज शाळेतून आल्या आल्या मोजायची, आणि तिच्याबरोबर आळीतलं कुणी ना कुणी. हापशावरचे हंडे कमी व्हायला लागले. आठव्या दिवशी तिने नेहमीसारखं काचेला नाक लावून मोजलं, एकदा, मग पुन्हा एकदा. आबा पायरीवर बसले होते. ती दप्तर काढत म्हणाली, "आबा, पानी द्या की."

आबा उठले. नळाखाली तांब्या भरला, तिच्या हातात दिला. तिने तो तोंडाला लावला आणि घटाघटा रिकामा केला, हनुवटीवरून ओघळलेलं पाणी बाहीने पुसलं. आबा व्हॉल्व्ह बघून येतो म्हणाले आणि बाहेर गेले. त्या वेळी व्हॉल्व्ह बघण्यासारखं काही नसतं, हे मला आणि माधवीला दोघींनाही ठाऊक होतं.

आता माझ्यात एकोणीस मासे आहेत, कारण गप्पी पिल्लं घालतात आणि इथे त्यांना घालावीशी वाटली. दर रविवारी आबा माझं एक बादली पाणी काढतात आणि तीन दिवस उघडं ठेवलेलं एक बादली पाणी भरतात. बादली वेगळी, तिला साबण माहीत नाही. मित्रांनो, तुमच्याही घरी माझी एखादी बहीण येईल. तिला घासायला साबण घेऊ नका, भरल्या दिवशी मासे आणू नका, आणि पाणी गढूळ दिसलं म्हणून तिला नावं ठेवू नका. पाणी भरून महिनाभर तिला माशांवाचून राहू द्या. एवढं ऐकलंत तरी माझा अर्धा वैताग जाईल.

उरलेला अर्धा जायचा नाही, कारण युवराज अजून काचेवर टकटक करतो. पण आबा सुधारले. रोज पहाटे टाकीवर जाताना ते माझ्यासमोरून जातात. उजव्या हातात पावडरीचा डबा असतो. माझ्याजवळ आले की तो डाव्या हातात घेतात, पाठीमागे धरतात आणि पार दाराबाहेर जाईपर्यंत तसाच ठेवतात.